तेवढं वाढवून टाक

२ फेब्रुवारी

आजपासून पुन्हा पगारी माणूस. पेपर बंद पडल्यापासून घरात बसून हिने आणलेल्या भाजीत खोड्या काढण्यापलीकडे मला उद्योग उरला नव्हता. आता एका टीव्ही कंपनीत भाषा सल्लागार. सध्या तात्पुरता, तीन महिन्यांनी बघू म्हणाले. पन्नाशी उलटल्यावर 'बघू' ऐकून घ्यायचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण ऐकून घेतलं.

ऑफिसात खुर्च्यांऐवजी रंगीत पोती आहेत. त्यात बसलं की गुडघे कानाला लागतात आणि उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'ग्राहक म्हणजे कुटुंब'. साहेब माझ्या पुतण्याच्या वयाचा, पायात खेळाचे बूट, प्रत्येक वाक्यात 'आपली टीम'. मी मनातल्या मनात त्याचं नाव कप्तान ठेवलं.

दुखणं असं आहे. कंपनी वर्षानुवर्षं घरोघरी टीव्ही पुरवते. आता तीन धेंडं मैदानात उतरली आहेत. एक फोन विकणारं, एक घरपोच सामान विकणारं, एक जगातलं काहीही शोधून देणारं. तिघांनाही एकदमच लोकांना सिनेमे दाखवायची हौस आली आहे. त्यामुळे आमचे ग्राहक पटापट गळताहेत. ते गळू नयेत म्हणून फोनवर बोलणारी एक मशीन आणली आहे, तिचं नाव 'मैत्रीण'. ती आज मला म्हणाली, "मी आपणांस कोणत्या प्रकारे सहाय्य प्रदान करू शकते?" मला शिसारी आली. मैत्रीण कसली, कोर्टाची नोटीस वाटली.

ते वाक्य खोडून मी लिहिलं, "बोला, काय झालं?" कप्तान डोळे विस्फारून बघत राहिला. एवढ्यासाठी त्याला सल्लागार लागला.

६ फेब्रुवारी

कंपनीच्या नव्या पॅकेजचं नाव 'सडपातळ'. जुन्या पॅकेजमध्ये दोनेकशे चॅनेल होते, त्यातले बरेचसे कुणी बघत नव्हतं. ते काढून टाकले, किंमत उतरवली. इथपर्यंत शहाणपण. मग लक्षात आलं की काढलेल्यांत खेळही गेले, जुने सिनेमेही गेले आणि बऱ्या बातम्याही गेल्या. ते हवे असतील तर वर पैसे भरून 'जोड' घ्यायची. तीन जोड घेतल्या की सडपातळ जुन्यापेक्षा जाडजूड होतो. हिला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे उपास करून वजन वाढलेलं." ही दवाखान्यात एक्स-रे काढते, तिला माणसं आतून बघायची सवय आहे.

धेंडांचंही तेच. फोनवाल्यांकडे मालिकेचा पहिला भाग, पुढचे सामानवाल्यांकडे. काल आम्ही दोघं एक जुना सिनेमा शोधत एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये हिंडत होतो. शेवटी सिनेमा मिळाला, पण तोवर हिला झोप लागली होती. मला या सगळ्या धंद्याचा वीट आला आहे, आणि त्यातच माझं पोट आहे.

११ फेब्रुवारी

आज 'हं'साठी भांडलो. 'करते' आणि 'करते हं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'करते' हा निरोप झाला, 'करते हं' हा दिलासा. कप्तान म्हणाला, एका अक्षराने काय होतं? आकड्यांचं काम बघणारी एक मुलगी आहे, तिने मधे पडून सुचवलं की निम्म्या फोनवर 'हं' घालून बघू. घातला. त्या निम्म्यांनी मशीनशी जास्त वेळ गप्पा मारल्या. कप्तानने मला मिठीच मारली. अंगाला कसला तरी गोड वास येत होता त्याच्या, मळमळलं. पण खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं.

२० फेब्रुवारी

गेला आठवडाभर जुने फोन ऐकतो आहे. लोक टीव्ही बंद करायला सांगतात तेव्हा नक्की काय बोलतात, त्याची यादी मला करायची आहे, म्हणजे मशीनला कळेल. या कचरापेटीतलं हे एकच काम मला मनापासून आवडलं. आपली माणसं 'बंद करा' असं सरळ म्हणतच नाहीत. 'राहू द्या आता.' 'पुरे झालं.' 'मुलं परदेशी गेली हो.' 'बघू पुढे कधी.' आणि एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आता ते वाढवावं म्हणतो."

हे ऐकून आकडेवालीने ते 'जास्त चॅनेल हवेत' या खान्यात टाकलं होतं. मी तिला समजावलं. आपल्यात दुकान बंद केलं म्हणत नाहीत, दुकान वाढवलं म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. संपणं तोंडावर आणायचं नाही म्हणून उलटा शब्द वापरायचा. हा बोलण्यातला मऊपणा आहे. तिला इतकं नवल वाटलं की तिने सगळ्यांना गोळा केलं आणि मी पोत्यात रुतून बसल्या बसल्या अर्धा तास भाषण ठोकलं.

कप्तान एरवी फोनमध्ये तोंड खुपसून असतो. आज त्याने फोन उलटा ठेवला. दोनदा विचारलं, "म्हणजे सर, शब्द 'वाढवा' आणि मनात 'बंद'? आणि असं किती जण म्हणतात?" मी म्हटलं, वयस्कर लोकांत पुष्कळ. तो म्हणाला, "सर, तुम्ही हिरा आहात."

पेपरात इतकी वर्षं काढली, हिरा कुणी म्हटलं नव्हतं. घरी येऊन हिला सांगितलं. हिने विचारलं, "हिरा म्हणाला, मग काय करणार आहे त्याचं?" हिच्या बोलण्याला असा एक खडा असतोच.

९ मार्च

मैत्रीण सुरू झाली. दिवसभर कानाला यंत्र लावून ऐकत होतो. बायका तिला 'अगं' म्हणू लागल्या आहेत. एका आजींनी तिला सर्दीवर काढा सांगितला. माझी वाक्यं तिच्या तोंडी ऐकताना अंगावर मूठभर मांस चढलं. बाकी ऑफिस तसंच घाण. कॉफीचं मशीन रबराच्या चवीचं काळं पाणी ओकतं आणि त्यासमोर रांग लावून सगळे 'धेंडांना धूळ चारू' म्हणत असतात.

१७ मार्च

एक गोष्ट खटकली. बंद करण्याच्या शब्दांची जी यादी मशीनमध्ये गेली, त्यात 'वाढवा' नाही. बाकी सगळे आहेत. कप्तानला विचारलं. तो म्हणाला, त्याच्यावर विचार चालू आहे, दोन अर्थ आहेत ना. मग खांद्यावर हात टाकून म्हणाला, मेमध्ये तुम्हाला कायम करायचं वर सुचवलंय. मी ओठावर आलेलं गिळलं. नवीन यंत्रणा आहे, एखादा शब्द मागेपुढे व्हायचाच.

२९ मार्च

रविवार. वहिनींकडे जाऊन आलो. दादाला जाऊन आता वर्ष होत आलं. दादा टीव्हीवर कुठलाही खेळ बघायचा, पोहण्याच्या शर्यतीसुद्धा. वहिनी त्या खोलीत फिरकायच्या नाहीत, आवाजाने डोकं उठतं म्हणायच्या. आज गेलो तर वहिनी टीव्हीसमोर ताठ बसलेल्या आणि समोर दोन पहिलवान एकमेकांना आपटत होते.

मला बघून म्हणाल्या, "भाऊजी, कशाला हो एवढं केलंत?"

मला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांनी आमच्या कंपनीला फोन केला होता, टीव्ही वाढवायला. दुसऱ्या दिवशी बघतात तो सगळेच चॅनेल आलेले, खेळांचे, सिनेमांचे, लहान मुलांचेसुद्धा. त्यांनी ताडलं की ऑफिसात आमच्या भाऊजींच्या कानावर गेलं असणार, आणि भाऊजी म्हणाले असणार, वहिनी एकट्या आहेत, असू दे तेवढाच विरंगुळा. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, हे गेल्यावर कुणी न मागता काही दिलं नव्हतं.

ते मी दिलेलं नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण तोवर त्या चहा ठेवायला उठल्या, पहिलवान किंचाळत होते, आणि चहा आला तेव्हा विषय पुढे गेला होता. मी 'नाही' म्हटलं नाही. 'हो'ही म्हटलं नाही. बिल वहिनींच्या खात्यातून आपोआप जातं, त्यामुळे त्यांना काही कळायचं कारण नाही. एखाद्याचा आनंद कशाला मोडा?

१२ एप्रिल

पुन्हा वहिनींकडे. हीसुद्धा बरोबर होती. वहिनी आता रोज संध्याकाळी टीव्ही लावून बसतात. आज मोटारींच्या शर्यती होत्या. हिने विचारलं, तुम्हाला आवडतं हे? वहिनी हळूच म्हणाल्या की डोकं दुखतं, पण भाऊजींनी एवढ्या मायेने दिलंय, न बघता कसं ठेवायचं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

येताना हिने वाटेत विचारलं, "तुम्ही दिलंत?" मी म्हटलं, तसं सरळ नाही सांगता येणार. ही घरापर्यंत बोलली नाही. हे असं न बोलणं मला फार घाण वाटतं, त्यापेक्षा भांडलेलं बरं.

१६ एप्रिल

आकडेवालीला बाजूला घेऊन विचारलं. बिचारीने आधी खाली बघितलं, मग पडद्यावर दाखवलं. 'वाढवा' म्हणणारा प्रत्येक माणूस थेट 'सडपातळ' अधिक सगळ्या जोड, अशा मोठ्या पॅकेजमध्ये जातो. 'सडपातळ'च्या यशाची जी पताका सगळ्या ऑफिसात मिरवताहेत, तिचा दांडा हा आहे. धेंडांशी लढाई कसली, म्हातारे टिपायचं चाललं आहे. मला खरोखर ओकारी आली, मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मग कप्तानसमोर उभा राहिलो, पोत्यात बसलो नाही. म्हटलं, ही फसवणूक आहे. तो जरासुद्धा चिडला नाही. तेच जास्त किळसवाणं.

तो म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलंत की लोकांना 'बंद' शब्द अशुभ वाटतो. आम्ही कुणाचं काही अशुभ केलेलं नाही. ते म्हणाले वाढवा, आम्ही वाढवलं."

मी म्हटलं, अर्थ तुम्हाला माहीत होता. तो म्हणाला, "अर्थ तुम्हाला माहीत होता सर. आम्ही फक्त शब्द ऐकतो." मग त्याने खरी गोष्ट काढली. काही लोकांनी तक्रार केली आहे, चार मेला सुनावणी आहे. तिथे एका जाणकाराचं लेखी मत लागेल की 'वाढवा' म्हणजे वाढवा. मत आलं की माझी नेमणूक कायम. न आलं तर मुदत तशीही संपतेच आहे.

२२ एप्रिल

मत दिलं. खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. लिहिलं की 'वाढवणे' या क्रियापदाचे दोन्ही अर्थ संभवतात, आणि निव्वळ शब्दावरून बोलणाऱ्याचा हेतू ठरवणं अवघड आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे निर्दोष आहे. कोणीही बोट ठेवू शकणार नाही.

हिला वाचून दाखवलं. हिने भांडी विसळता विसळता ऐकलं आणि विचारलं, "हाड मोडलेलं समोर दिसत असताना मी रिपोर्टात लिहू का, मोडलेलं असू शकतं, नसूही शकतं?" मी म्हटलं, घर कसं चालतं याचाही विचार करावा लागतो. ती म्हणाली, घर तर इतके दिवस माझ्या पगारावर चाललंच होतं की.

नेमणुकीचं बोलणं झालं. कप्तानने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मला टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्या तोंडांचा तिटकारा आला.

४ मे

सुनावणी झाली. नीट लिहून ठेवतो.

लहानशी खोली, एक लांब टेबल, कागदांना दमट वास. तक्रार ऐकणाऱ्या अधिकारी माझ्याच वयाच्या बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. समोर तक्रार करणारे पाचसहा म्हातारे, त्यांतला एक निवृत्त पोस्टमन सगळ्यांच्या वतीने बोलत होता. आमच्या बाजूने कप्तान, एक वकील आणि मी. बाईंनी माझं मत वाचलं आणि मान डोलावली. मला सुटल्यासारखं झालं.

मग वकील म्हणाला, ग्राहक किती खुशीने वाढवून घेतात याचा एक नमुना ऐकवतो. ऑफिसातल्या लोकांनी सगळ्यांत गोड फोन निवडून आणला होता. त्याने बटण दाबलं आणि खोलीत वहिनींचा आवाज आला.

"बोला, काय झालं?" मैत्रीण म्हणाली.

"अगं, झालं काही नाही. आमच्याकडचं बघणारं माणूस आता राहिलं नाही. तेवढं वाढवून टाक गं."

"वा! लगेच वाढवते हं. अजून काही?"

"नाही बाई, आणखी काय. तू जेवलीस का?"

"हो तर. तुम्ही जेवलात?"

"जेवते आता," वहिनी म्हणाल्या, आणि फोन संपला.

'हो तर, तुम्ही जेवलात?' हे वाक्य मी फेब्रुवारीत लिहिलं होतं. त्यावर तेव्हा स्वतःवरच खूश होतो. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. फक्त वकील हसरा चेहरा करून बसला होता, कारण त्याला यात काही वावगं ऐकूच आलं नव्हतं.

मी उभा राहिलो. म्हटलं, माझं मत मी मागे घेतो. बाईंनी विचारलं, मग या बाई काय म्हणताहेत? मी म्हटलं, "बंद कर म्हणताहेत. त्यांचा नवरा गेला आहे. 'वाढव'चा हा अर्थ मला ठाऊक होता, कंपनीलाही मी तो फेब्रुवारीतच सांगितला होता." पोस्टमन माझ्याकडे असं बघत होता की याला आता शिव्या घालाव्यात की हात जोडावेत. बाईंनी चष्मा काढला, म्हणाल्या, आमच्या वडिलांनीही दुकान असंच वाढवलं होतं. निकाल जागच्या जागी लागला. ज्यांनी ज्यांनी वाढवा म्हटलं, त्या सगळ्यांचं बंद करायचं आणि घेतलेलं परत करायचं.

बाहेर आल्यावर मला वाटलं, कप्तान आता फाडून खाईल. तो आरामात कॉफी पीत होता. म्हणाला, नेमणूक अर्थातच नाही सर, पण राग नाही. मशीन गेल्या आठवड्यातच फोनवाल्यांना विकली. त्यांना धंदा नको होता, तिचा आवाज हवा होता. इतकं घरगुती बोलणारी दुसरी कुठे नाही म्हणाले. त्याने हात पुढे केला. मी हात दिला नाही. इतकं केलं, आणि घरी येईपर्यंत मनात आपलीच पाठ थोपटत होतो. हिने आज गोड काहीतरी केलं. जेवताना म्हणाली, उशिरा का होईना.

५ मे

सकाळीच वहिनींकडे गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो, आणि खरं सांगायचं तर काल काय केलं तेही सांगायची घाई होती. टीव्ही बंद होता. वहिनी शेंगा सोलत बसल्या होत्या.

मी सांगितलं की ते मी दिलेलं नव्हतं. मशीनने चुकीचं ऐकलं, आणि चुकीचं ऐकावं अशीच तिची बांधणी होती. मी गप्प बसलो हेही सांगितलं. मग काल नोकरीवर लाथ मारून खरं बोललो, तेही. वहिनी आधी हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही दिलंच नव्हतं? आणि मी वेडी, रोज मोटारी बघत बसले." मलाही हसू आलं. वाटलं, चला, निभावलं.

मग त्यांनी विचारलं, "ती जी बोलते, तिला बोलायला कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, "मी." मला वाटलं, त्या कौतुक करणार.

वहिनींचे हात थांबले. "तरीच," त्या म्हणाल्या. "हे गेल्यावर मी बँकेत फोन केला, फोन कंपनीला केला, विम्यावाल्यांना केला. सगळीकडे स्पष्ट सांगितलं, माणूस गेलं, बंद करा. परक्याला काय सांगायचं दुसरं? यंत्राशी बोलतेय हे मला काय कळत नव्हतं? पण हिच्याशी बोलताना 'बंद' म्हणायला जीभच रेटेना. अगदी आपल्यातली वाटली. म्हणून वाढव म्हटलं."

आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. रागावल्या नव्हत्या, नुसतं झालं ते सांगितलं. मला माझ्या हातांचीसुद्धा किळस आली, ते मी मांडीखाली दाबून बसलो. फोनवाल्यांनी ती विकत घेतली आहे आणि पुढच्या महिन्यापासून ती घराघरांत बोलणार आहे, हे मी वहिनींना सांगितलं नाही.